तापाच्या वहीत न लिहिलेले

१८ जुलै, शुक्रवार. सांगली

आबा, आधी क्षमा मागते. ही डायरी तुमची आहे. फौजेच्या कॅन्टीनमधून मिळालेली, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे, आत एकही ओळ नाही. कपाटात सहा वर्षे पडून होती. "फौजीनं लिवायचं ते फकस्त रजेच्या अर्जात," असे तुम्ही म्हणता. मी ती न विचारता पिशवीत घातली. लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही आहे असा माझा दावा नाही. ज्याच्या शिरेत सुई आहे तो गप्प, आणि जिला कुठेही काही दुखत नाही तिने पाने भरावीत, हा उद्धटपणाच. पण मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी उत्तरपत्रिकेत बोलते, एरवी नाही.

छापील वार जुने आहेत. खोडून लिहीत जाईन.

आज तिसरा केमो. एकूण सहा. मानेतली लिंफोमाची गाठ पहिल्या वेळी लिंबाएवढी होती, आज बोटाला जेमतेम लागते. लाल औषध नळीतून उतरत असताना आबा नर्सला म्हणाले, "रम दिसतीया." नर्स म्हणाली, "काका, ही चढल्यावर नाचता येत नाही." आबा खूश.

निघताना मॅडमनी (कर्करोगाच्या डॉक्टर, तरुण आहेत, भरभर बोलतात) तिसऱ्यांदा तेच बजावले. सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप शंभर पूर्णांक चारच्या वर गेला की निघायचे. वाट बघायची नाही. घरची गोळी देऊन उतरवायचा तर मुळीच नाही. "गोळीनं ताप झाकला जातो, आजार नाही." आणि स्वतःचा नंबर वहीवर लिहून दिला. "रिपोर्ट, फोटो, काहीही पाठवा. मी वाचते."

तापाची वही मी पहिल्या केमोपासून ठेवते. दिवसातून तीन नोंदी: स., दु., सं. पहिल्या पानावर मॅडमचा नियम लाल शाईने.

२१ जुलै, सोमवार. घरी

स्वातीताईचा साताऱ्याहून फोन. भाऊजी तिला पुढच्या सोमवारी आणून सोडणार. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणजे माहेरी यायलाच हवे. फोन ठेवल्यावर आबा बराच वेळ अंगणात उभे होते. मग आईला म्हणाले, "एकवीस वर्सं नोकरी केली. एक पंचमी घरात न्हाई केली मी."

आई म्हणाली, "दोन केल्यासा की रिटायर झाल्यावर."

"तवा ती हास्टेलात हुती. त्या धरू नगंस."

ताप: ९८.२, ९८.४, ९८.४. खरा.

(हा शब्द त्या दिवशी का लिहिला, कोण जाणे. तोवर दुसरा कुठला होताच कुठे. नंतर वाचून ही ओळ कंसात घातली आहे. २६ तारखेला.)

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. आठवा दिवस. धोक्याच्या आठवड्यात आहोत.

आबांनी माळ्यावरून सोल, म्हणजे जाड दोर, काढायला लावला. चिंचेला झोका बांधायचा आहे. आई म्हणाली, बांधायला शेजारच्यांना बोलावते. आबा: "त्येंच्या गाठीवर माझी लेक बसवू व्हय?"

भूक कमी. दोन दिवस पोट साफ नाही. केस सगळे गेले. टोपी घालून बसतात, मिशी मात्र निम्मी शिल्लक आहे. तिला ते "राखीव तुकडी" म्हणतात.

२६ जुलै, शनिवार

सं. ७. ताप १०१.२.

थर्मामीटर दोनदा लावला. दोन्ही वेळा तेच. मी वही उघडली आणि उठले. शेजारच्यांच्या गाडीसाठी फोन करायला.

"बस."

बसले.

"किती हाय?"

सांगितले.

"शंभराच्या आत लिव."

 ते म्हणाले, "आजपास्नं तीन दिसाचा प्रश्न हाय, मास्तरीणबाई. मंगळवारी पंचमी. बुधवारी पहाटे तू म्हणशील तिथं येतो. आत्ता गेलो तर ते आत घालत्यात आन् दहा दीस सोडत न्हाईत. पोरगी दारात येणार आन् बाप हास्पिटलात."

मी नियमाचे पान दाखवले. त्यांनी ते बाजूला सारले नाही, नीट वाचले. मग म्हणाले, "हुकूम समज."

मी ९९.२ लिहिले.

अक्षर नेहमीसारखेच आले. त्याचेच आश्चर्य वाटले.

२७ जुलै, रविवार

खरा: १००.८, १०१.०, ९९.४.
वहीत: ९८.८, ९९.०, ९७.४.

प्रत्येक आकड्यातून दोन वजा करते आहे. एक खरा आणि एक खोटा असे लिहिले तर चढउतार विचित्र दिसेल. सगळ्यांतून सारखेच वजा केले की रेघ नैसर्गिक राहते, फक्त खाली बसते. हे मला कुणी शिकवले नाही. आपोआप सुचले. हुशारी म्हणतात ती हीच असेल तर नको.

संध्याकाळचा आकडा उतरलेला आहे कारण आबांनी आईच्या गुडघेदुखीच्या डब्यातली तापाची गोळी घेतली. दुपारी एक, पुन्हा चारला एक. मला पाकीट सापडले. मी विचारले नाही.

तशाच अंगाने झोका बांधला. शिडीवर मी, खालून ते सांगत होते: उजवीकडून दोन वेढे, आतून घे, ओढ. फौजेतली गाठ. बांधून झाल्यावर स्वतः दोराला लोंबकळून पाहिले आणि उतरताना पोटाला हात लावला. उजव्या बाजूला, खाली.

"काय झाले?"

"कुठं काय."

२८ जुलै, सोमवार

खरा: ९९.०, १००.६, १०१.६.
वहीत: ९७.०, ९८.६, ९९.६.

ताई आली. गजरा, हिरवा चुडा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. आबांनी टोपी काढून तिला टक्कल दाखवले. "हे बघ, पेन्शनीत हेल्मेट बी मिळालं." ती हसता हसता रडली. भाऊजी चहा घेऊन परत गेले.

जेवताना आबांनी दोन घास चिवडले आणि उठले. आईने ओळखले की पोट दुखते आहे. "पाच दीस झालं परसाकडं न्हाई. दुखंल न्हाई तर काय." एरंडेल गरम दुधातून दिले. "पोट हलकं झालं की अंगाची कणकण बी जातीया." अंग गरम आहे हे तिला हाताने कळले होते. वही तिला वाचता येत नाही.

मला कळत होते. हे लिहून ठेवते: मला वाचता येत होते, नियम माझ्याच अक्षरात होता, आणि मी दुधाचा पेला धरून उभी होते.

एरंडेलाने पोट हलके झाले नाही. कळा वाढल्या.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी. (सांगलीत लिहिते आहे)

स. ७. खरा १०१.८. वहीत ९९.८. हा शेवटचा खोटा.

पंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. पुरणाचे दिंड वाफेवर. विळी आईने काल रात्रीच पोत्यात गुंडाळून ठेवली होती. भिंतीवर हळदीकुंकवाचा नाग. ताई झोक्यावर बसली. आबा खाटेवरून पाहत होते. उशी पोटाशी दाबलेली. ती उंच गेली की ते हळूच "शाबास" म्हणत. गाठ कणभरही सरकली नाही.

स. ११. आबा खाटेवर वाकडे झाले.  कपाळावर घाम, पाय थंड. पोटाला हात लावू देईनात.

१०२.४.

वहीत १०२.४.

"आता," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

दीड वाजता दवाखान्यात. नाडी १३०. रक्त, मग पोटाचा सीटी. पां. पे. फक्त तीनशे. (पांढऱ्या पेशी. चार हजार तरी असाव्यात.) मॅडम आणि शस्त्रक्रियेचे सर दोघेही आले. सर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी पडद्यावर दाखवले: लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथली पिशवी. तिची भिंत सुजून जाड झाली आहे. "टायफ्लायटिस. केमोत पेशी संपल्या की आतड्यातले जंतू भिंतीत शिरतात. क्वचित होतं. या औषधांवर तर फारच क्वचित."

त्या पिशवीला आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात अंधनाल म्हटले होते. आकृतीला नावे द्या, पाच गुण. मला पाचपैकी पाच होते.

सर म्हणाले, आतडे फुटले तर पोट उघडावे लागेल. आई पुढे झाली.

"आज न्हाई हो, सायेब. आज आमी भाजी सुदिक चिरल्याली न्हाई."

मला वाटले सर हसतील. त्यांनी आईकडे नीट पाहिले. "आज मलाही नको आहे, आई. पेशीच नाहीत. आज मी कापलं तर टाके धरणार नाहीत. पेशी वर येईपर्यंत आतडं तगलं पाहिजे. तोवर तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही."

आई माझ्या कानाशी: "बघ, त्यो बी पाळतो."

मी तिला समजावले नाही.

बाहेर बाकावर माधवनगरचे एक अण्णा होते. जैन, हळदीचा व्यापार; त्यांच्या पत्नी आत आहेत. सगळे ऐकून म्हणाले, "आमच्यात चातुर्मासात कांदा-बटाटा न्हाई, तुमच्यात आज चिरणं न्हाई. इथल्या खानावळवाल्यानं करावं तरी काय? नुसतं ताट मांडून बसावं." ताई हसली. मग तिने आबांची टोपी मांडीवर घेतली आणि विचारले, "किती वेळ सोसत होते गं? सकाळी तर मला शाबास म्हणत होते."

"अकरा वाजता वाढले," मी म्हणाले.

ते शब्दशः खरे होते.

३० जुलै, बुधवार

नाकातून पोटात नळी. हिरवट पाणी बाटलीत. तीन अँटिबायोटिक. पेशी वाढवण्याचे इंजेक्शन, रोज एक. नर्स पोटाचा घेर टेपने मोजते. दोन्ही बाजूंना पेनाच्या खुणा, म्हणजे टेप दर वेळी तिथेच लागेल. ९१ सेंमी. दु. ९२.

मॅडमनी तापाची वही पाहिली. पाने उलटत राहिल्या. "ही कुणी ठेवली?" ताईने माझ्याकडे बोट केले. मॅडमनी हाताखालच्या दोन डॉक्टरांना बोलावून दाखवली. "बघा. रुग्णाच्या घरून असं टिपण मी तरी पाहिलं नाही." मग एका ठिकाणी थांबल्या. "सोमवारी सकाळी सत्त्याण्णव? जरा कमीच." मला वाटले, संपले. "थर्मामीटर नीट बसला नसेल," त्याच म्हणाल्या, आणि वहीचे फोटो काढून केसपेपरला जोडायला सांगितले.

मी तोंड उघडले होते. फोटो निघेपर्यंत ते मिटले होते. 

३१ जुलै, गुरुवार

पां. पे. २००. घटल्या. घेर ९३.

पुन्हा सीटी. आता आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसतात. सर म्हणाले, भिंत कुजू लागली तरी असे दिसते, आणि कधी कधी आपोआप जातेही. "आज की उद्या, हे मी रोज सकाळी पोटावर हात ठेवून ठरवणार." त्यांची हात ठेवायची ढब वेगळी आहे. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन करतात.

आबांना ओठ ओले करायला कापूस. त्यांनी खूण करून विचारले, ताई कुठे. म्हटले, बाहेर. समाधान झाले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

घेर ९३. पां. पे. २००.

आई देवाला काही बोलली आहे, सांगत नाही. ताई साताऱ्याला जायचे नावच काढत नाही. भाऊजी फोनवर म्हणाले, "राहा तिकडेच. इथं माझी आई हाय माझ्या उरावर." तरी ताई फोन ठेवून रडली. म्हणाली, "मी पायगुणाची नाही बघ. माझी पंचमी आणि आबा असे." मी तिला वेडी म्हटले.

तिला कळले तर ती हे वाक्य जन्मभर म्हणत राहील. आणि तेव्हा तिला वेडी म्हणायला माझ्याकडे तोंड नसेल.

२ ऑगस्ट, शनिवार

पां. पे. ७००.

घेर ९२. सर "हूं" म्हणाले. त्यांचा "हूं" म्हणजे मोठी गोष्ट, असे नर्स म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार

२१००. घेर ९०. ताप ९९.०. खरा.

आबा कुजबुजले, "राखीव तुकडी आली का?" मला आधी वाटले मिशीबद्दल. पेशींबद्दल होते.

४ ऑगस्ट, सोमवार

नळी काढली. दोन चमचे पाणी. आबांनी ते तोंडात इतका वेळ धरले की आई म्हणाली, "गिळा की, का बँकेत ठेवायचं हाय?" भिंतीतली हवा ओसरली. सर म्हणाले, "या वेळी कापावं लागत नाही." आईने त्यांना नमस्कार केला. ते संकोचले.

सगळे हसत होते. मीही. संध्याकाळी झोप लागली, तासभर.

५ ऑगस्ट, मंगळवार

 क्रमाने लिहिते.

दु. १२. मॅडमनी आम्हा तिघींना खोलीत बोलावले. पोट निवळले हे चांगले. पुढचा प्रश्न केमोचा. तीन झाले, तीन राहिले. इथे थांबलो तर गाठ परत येण्याची भीती मोठी. आणि पुढे गेलो तर?

त्यांनी माझी वही उघडली. माझ्याच आकड्यांवर त्यांचे पेन होते. "हे बघा. मंगळवारी सकाळी सातला नव्याण्णव पूर्णांक आठ. अकराला एकशे दोन. दीडला तुम्ही माझ्यासमोर. म्हणजे पहिल्या तापापासून अडीच तासांत आलात. याहून लवकर कुणी येऊ शकत नाही. आणि तेवढ्यात आतडं इतकं बिघडलेलं. एवढ्या झपाट्याने होत असेल तर पुढच्या वेळी मला अडीच तासही मिळतील याची खात्री नाही. हे औषध यांच्या शरीराला सोसत नाही असंच मला म्हणावं लागेल."

ताईने विचारले, "आणि उशीर झाला असता तर?"

"तर गोष्ट वेगळी असती. ताप तीन दिवस अंगावर काढला, मग असं झालं, असं असतं तर मी म्हटलं असतं की चूक वेळेची आहे, औषधाची नाही. डोस थोडा उतरवून, पेशींचं इंजेक्शन दुसऱ्याच दिवसापासून देऊन पुढे गेलो असतो. पण तुमची काहीच चूक नाही. तुम्ही सगळं वेळेत केलंत."

गुरुवारी स. १० वा. सगळ्या डॉक्टरांची बैठक. तिथे ठरेल. बहुधा बंद.

सांगायची जागा तीच होती. खुर्ची, मॅडम, वही, सगळे समोर. ताई माझ्या शेजारी. तिचा हात माझ्या हातात. 

दु. ४. आई आणि ताई चहाला गेल्या तेव्हा मी आबांना म्हणाले, "मी मॅडमना सांगणार आहे."

"काय?"

"आकडे."

 आवाज अजून नळीने खरवडलेला. "आन् स्वातीला काय सांगशील? तुझ्या पंचमीपायी बाप मरत हुता म्हणून?"

"औषध बंद करतील, आबा."

"करूंदेत. तीन घेतली न्हवं?"

"गाठ परत येईल."

"यील तवा बघू. पोरीला सासरी पाठवलीया, तिच्यामागं ह्ये लावून द्यायचं न्हाई." थोडा दम घेतला. "तू कवा माझं मोडलं न्हाईस."

खरे आहे. कधीच नाही. तीच तर चूक.

६ ऑगस्ट, बुधवार

उद्या साताऱ्यात कॉलेजात कागदपत्रांची पडताळणी आहे. एम. ए. दुसरे वर्ष. न गेल्यास प्रवेश रद्द. मी जाणार नव्हते. आईने पिशवी भरली.

सांगलीच्या एस. टी. स्टँडवर आई सोडायला आली. भाकरीचे फडके दिले. गाडी लागली तरी हात सोडेना.

"एवढं भरभरून लिवतीस त्या डायरीत. माझं येरंडेल लिवलंयस का?"

 म्हटले, "लिहिले आहे."

"बरं केलंस. मला काय कोण फासावर देत न्हाई." मग, गाडीकडे बघत: "शनवारी त्येंचं अंग माझ्या हाताला भाजत हुतं. मला वाचाय येत न्हाई, पर हात हाय मला. तू त्या वहीत काय लिवलंस मला ठावं न्हाई. डाक्टरनी काल वाचली तवा तुझं तोंड बघितलं मी."

मी भाकरीचे फडके पिशवीत घातले. 

"ह्या डायरीत खरं हाय?"

"हो."

"मग दाव की कुणाला तरी."

"आबांनी..."

"त्येंचं मी बघते. त्येंचा हुकूम पलटणीत. चल, चढ."

खिडकीजवळ जागा मिळाली. कऱ्हाडपर्यंत डायरी मांडीवर बंद होती. कऱ्हाडच्या पुढे उघडली आणि पहिल्यापासून वाचली. पहिल्याच पानावर मॅडमचे वाक्य: मी वाचते.

७ ऑगस्ट, गुरुवार. सातारा

वसतिगृहाची खोली. स. ६.३० पासून पानांचे फोटो काढते आहे. शाई काही ठिकाणी फिकट. सगळी एकोणीस पाने. नको ती पाने वगळावीत असे आधी वाटले: रम, मिशी, आईचे बोलणे. वगळली नाहीत. पुन्हा वजाबाकी करायची नाही.

सोबतच्या पत्राच्या सुरुवाती खोडल्या, सात. "आदरणीय मॅडम, सविनय" इथपर्यंत येऊन थांबते. शेवटी एवढेच लिहिले, ते इथे उतरवून ठेवते:

"मॅडम, आपल्याला लिहिण्याचे धाडस केल्याबद्दल क्षमा असावी. तापाच्या ज्या वहीवरून आपण आज निर्णय घेणार आहात, तिच्यात शनिवार २६ जुलैच्या संध्याकाळपासून मंगळवार २९ जुलैच्या सकाळी सातपर्यंतच्या आठ नोंदी मी खोट्या केल्या आहेत. प्रत्येक आकड्यात दोन मिळवावेत, म्हणजे खरा ताप मिळेल. आम्ही अडीच तासांत आलो नाही. साडेसहासष्ट तासांनी आलो. रविवारपासून तापाच्या गोळ्या घेतल्या होत्या. किती, हे वडीलच सांगू शकतील. सोमवारी रात्री एरंडेल दिले. वडिलांनी सांगितले म्हणून मी लिहिले, पण पेन माझ्या हातात होते. चूक वेळेची आहे. औषधाची आहे की नाही, हे आपण ठरवावे.

एक विनंती. माझी बहीण आज तिथे असेल. कारण तिला सांगितल्याशिवाय निभावत असेल तर सांगू नये. निभावत नसेल तर सांगावे. मी आज दुपारच्या गाडीने परत येते आहे, तिला जे विचारायचे ते मला विचारील."

शनिवारी संध्याकाळी सात ते मंगळवारी दुपारी दीड: साडेसहासष्ट. तीनदा मोजले.

कॉलेजचे कार्यालय साडेदहाला उघडते. बैठक दहाला. मॅडम बैठकीआधी फोन पाहतात की नाही, ठाऊक नाही. पाहिला तरी एकोणीस पाने वाचायला वेळ लागेल. म्हणून पत्र आधी पाठवते, पाने मागून. आबांना आज सकाळी पेज दिली असेल.

ताईचा आत्ताच मेसेज: "आम्ही मॅडमच्या दाराशी बसलोय. आबा विचारतात, मास्तरीणबाई पोचल्या का."

पोचले, असे कळवले.

पाठवले: गुरुवार, ७ ऑगस्ट, सकाळी ९ वाजून ४२ मिनिटे.